जुन्या पलंग-कपाटाला नवा रंग: बेडरूमच्या फर्निचरवर पहिल्यांदाच नक्षी काढणाऱ्यांसाठी

आपल्याकडे बेडरूमचं फर्निचर बहुधा एका दिवसात आलेलं नसतं. पलंग आजोबांच्या वेळचा सागवानी, कपाट आईच्या लग्नातलं लोखंडी, ड्रेसिंग टेबल सुताराला घरी बसवून करून घेतलेलं आणि उशाशी ठेवायचं छोटं कपाट कधीतरी कुणीतरी दिलेलं. प्रत्येक वस्तू अजून धडधाकट असते, पण एकीचा दुसरीशी मेळ नसतो. हा मेळ रंगाने जमतो. त्यासाठी चित्रकला यायलाच हवी असं नाही. चिकाटी मात्र हवी, कारण या कामात रंग लावण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ धुणं, घासणं आणि वाळण्याची वाट बघणं यात जातो. पहिल्यांदा करणाऱ्याला माझं सांगणं दोनच गोष्टींचं आहे: तयारीत काटकसर करू नका आणि नक्षी प्रत्येक वस्तूवर एकाच जागी काढा. दारावर काढली तर बाजू साध्या ठेवा, खणांवर काढली तर वरची फळी साधी ठेवा.

कशाला रंग लावायचा नाही

हे सगळ्यात आधी ठरवा. शिसवी पलंग, कोरीव काम केलेलं जुनं सागवान, पितळी फुल्या ठोकलेला पेटारा यांना रंग लावू नका. त्या लाकडाचे रेषे आणि कोरीव कडा रंगाखाली एकदा बुजल्या की परत मोकळ्या करणं फार जिकिरीचं असतं. त्यांना ओलसर फडक्याने पुसून, बारीक पॉलिश पेपरने हलकं घासून चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश दिलं की पुरे.

रंगाला योग्य काय? ज्याचं पॉलिश डागाळलंय असं साधं लाकूड, प्लायवूड, पूर्वी ऑइल पेंट मारलेलं काहीही आणि लोखंडी कपाट. सनमायकाही रंगवता येतो, पण तो गुळगुळीत असल्यामुळे रंग धरून ठेवत नाही. त्याच्या उभ्या बाजू रंगवा. ज्या फळीवर रोज पाण्याचा तांब्या, चष्मा, मोबाइल ठेवला जातो ती सनमायकाची फळी तशीच राहू द्या, तिथला रंग टिकत नाही.

शंका असेल तर सुरुवात उशाशी ठेवायच्या छोट्या कपाटापासून करा. त्याला दार आहे, खण आहे, पाय आहेत, म्हणजे सगळ्या प्रकारचा हात बसतो आणि बिघडलं तर पुन्हा घासून लावायला एक दिवस पुरतो.

केव्हा आणि कुठे

पावसाळ्यात हे काम काढू नका. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की ऑइल पेंट दोन-दोन दिवस चिकट राहतो, वार्निशवर पांढुरकी झाक येते आणि घासून मोकळ्या केलेल्या लोखंडावर रातोरात तांबेरा चढतो. दसऱ्यापासून होळीपर्यंतचा काळ उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत करायचं तर सकाळी लवकर करा. दुपारच्या उन्हात रंग ब्रशखालीच सुकायला लागतो आणि ब्रशच्या रेघा तशाच राहतात.

फ्लॅटमध्ये अंगण नसतं, तेव्हा गॅलरीत किंवा खिडकीजवळ जुनी चादर अंथरून काम करा. हलत नाही असं कपाट खोलीतच रंगवावं लागतं. मग गादी, उशा, पडदे आधी बाहेर काढा, खिडक्या उघड्या ठेवा आणि काही रात्री दुसऱ्या खोलीत झोपा. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर पाण्यावरचा इनॅमल घ्या. त्याला वास कमी येतो आणि ब्रश पाण्यानेच धुतला जातो.

सामान

पॉलिश पेपर १२०, २२० आणि ३२० नंबरचा, लोखंडासाठी ८० नंबर आणि तारेचा ब्रश. लाकडाचा प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा थर, लोखंडाला रेड ऑक्साइड प्रायमर. लांबी, म्हणजे पेंटरकडची पुट्टी. दोन इंची सपाट ब्रश एक आणि कडांसाठी एक इंची. मऊ केसांचा, ज्याचे केस ओढल्यावर हातात येत नाहीत असाच ब्रश घ्या. इथे पैसे वाचवले तर सुकलेल्या रंगातून केस वेचत बसावं लागतं. मास्किंग टेप, ऑइल पेंटचा ब्रश धुवायला टर्पेंटाईन, जुन्या सुती चिंध्या, नाकातोंडावर मास्क.

रंग किती लागेल? सहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल कपाटाचं दार, दोन बाजू आणि माथा मिळून साधारण ४० चौरस फूट होतात. भिंतीकडची पाठ रंगवायची नाही. दोन हातांना, म्हणजे रंगाच्या दोन थरांना, एक लिटर आरामात पुरतो. नक्षीसाठी अॅक्रेलिक रंगाच्या छोट्या बाटल्या बस्स.

उघडा, धुवा, घासा

मुठी, कड्या, कुलपाची पट्टी, बिजागऱ्या जेवढ्या निघतील तेवढ्या काढा. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पुडीत बांधून पुडीवर ‘वरचा खण’, ‘डावं दार’ असं लिहा. आरसा निघत नसेल तर त्याच्या कडेने टेप आणि आत वर्तमानपत्र लावा.

मग धुणं. बेडरूमच्या फर्निचरवर डोक्याच्या तेलाचा थर असतो, विशेषतः पलंगाच्या डोक्याकडच्या फळीवर आणि खणांच्या मुठींभोवती. तेलावर रंग बसत नाही, काही महिन्यांत पापुद्रा सुटतो. भांडी घासायच्या साबणाचं कोमट पाणी करून, फडकं घट्ट पिळून पुसा, मग साध्या पाण्याने पुसा आणि एक दिवस वाळू द्या. लाकडावर पाणी ओतू नका. प्लायवूड फुगतं.

घासण्याआधी जुना रंग कुठला आहे ते बघा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून लपलेल्या कोपऱ्यात अर्धा मिनिट चोळा. रंग बोळ्याला लागला तर तो पाण्यावरचा रंग किंवा चपड्याचं पॉलिश आहे. काहीच लागलं नाही तर ऑइल पेंट आहे. ऑइल पेंटची चकाकी पूर्ण मोडल्याशिवाय त्यावर पाण्यावरचा रंग लावलात तर तो नखाने सोलला जाईल.

इथे एक गोष्ट काळजीने करायची आहे. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, खासकरून पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत, शिसं असू शकतं. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. म्हणून जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरता येणारा पॉलिश पेपर, पाण्यात बुडवून घासा, चिखल फडक्याने लगेच पुसून घ्या, मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका, काम झाल्यावर झाडू न मारता लादी ओल्या फडक्याने पुसा.

बाकी लाकडावर १२० ने सुरुवात करा, २२० ने संपवा. नेहमी रेषांच्या दिशेने घासा. आडवं घासलेले ओरखडे रंगाखालूनही दिसतात. पूर्ण लाकूड उघडं करायची गरज नाही. हात फिरवल्यावर सगळीकडे सारखा मऊ खरखरीतपणा जाणवला आणि चकाकी कुठेच दिसली नाही की झालं.

लोखंडावर तांबेरा असेल तिथे तारेचा ब्रश आणि ८० नंबर वापरून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. तांबेऱ्यावर रंग मारला तर तांबेरा आतून पत्रा खात राहतो. पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावा.

भोकं आणि भुंगे

लाकडावर टाचणीएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर तो लाकडाचा भुंगा. हार्डवेअरच्या दुकानात त्यावरचं औषध मिळतं. डब्यावरच्या सूचना वाचून, हातमोजे घालून इंजेक्शनच्या सिरिंजने प्रत्येक भोकात सोडा. आठवडाभर खाली काळा कागद ठेवा. नवी भुकटी पडली नाही तरच पुढे जा. वाळवी असेल, म्हणजे लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजत असेल किंवा मातीच्या नळ्या दिसत असतील, तर ती वस्तू रंगवण्याच्या नादी लागू नका. आधी घराचा बंदोबस्त करा.

छोटी भोकं लांबीने भरा. मोठ्या खाचेला सुतारांची जुनी युक्ती चांगली: त्याच लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून दाबून भरायचा, थोडा वर उचललेला ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी घासून सपाट करायचा.

प्रायमर

सागवानाबद्दल नवख्यांना हमखास येणारी अडचण म्हणजे पांढरा किंवा फिका रंग लावल्यावर काही दिवसांनी पिवळट-तपकिरी डाग वर येणं. लाकडातलं तेल आणि रंगद्रव्य रंगातून वर झिरपतं. कितीही हात मारले तरी ते येतच राहतं. उपाय आधी करायचा असतो: घासून झाल्यावर चपड्याचे दोन पातळ हात द्या, वाळले की ३२० ने अगदी हलकं घासा आणि मग लाकडाचा प्रायमर लावा. गडद रंग लावणार असाल तर हे नाही केलं तरी चालतं.

सनमायकाला साधा प्रायमर चालत नाही. गुळगुळीत पृष्ठभागावर चिकटणारा बाँडिंग प्रायमर मागून घ्या.

प्रायमर रात्रभर वाळला की त्यावर ३२० फिरवा, ओलसर फडक्याने धूळ टिपा.

मूळ रंग

रंग डब्यात तळापासून ढवळा. ब्रश अर्ध्यापेक्षा जास्त बुडवू नका. आधी कोपरे आणि खाचा, मग सपाट भाग. एक पट्टा लावला की जवळजवळ रिकाम्या ब्रशने एकाच दिशेने शेवटचा हलका हात फिरवा आणि पुन्हा तिथे जाऊ नका. अर्धवट सुकलेल्या रंगावर परत ब्रश फिरवल्याने जेवढी कामं बिघडतात तेवढी दुसऱ्या कशाने बिघडत नसतील. दोन पातळ हात द्या. एक जाड हात ओघळतो आणि आतून मऊ राहतो.

चकाकता रंग जुन्या फर्निचरचे सगळे खड्डे दाखवतो. मॅट किंवा अर्धमॅट घ्या, ते डोळ्याला शांत वाटतात आणि नक्षीही त्यांच्यावर उठून दिसते.

मॅट रंग घरीही करता येतो. एक वाटी पाण्यावरचं इमल्शन, पाव ते एक तृतीयांश वाटी चॉक पावडर. पावडर आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, गाळा, मग रंगात घाला. हा रंग लाकडाला चांगला धरतो आणि घासायला मऊ असतो, पण वार्निश न देता सोडला तर हाताचे डाग लगेच शोषतो.

स्टेन्सिल: पहिली नक्षी हीच करा

स्टेन्सिल जुन्या एक्स-रे फिल्मची उत्तम होते. कोयरी, कमळ, पैठणीच्या काठातला मोर, जे आवडेल ते कागदावर काढा, फिल्मखाली ठेवून धारदार कटरने कापा. रांगोळीचे प्लास्टिकचे छापही वापरता येतात, पण चाळणीसारखी बारीक भोकं असलेला छाप रंगाला कामाचा नाही. मोकळे आकार कापलेला हवा.

आधी मधोमध शोधा. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेचा मध्य खुणेने पक्का करा, दोऱ्याला खडू चोळून दोन्ही खुणांवर ताणून धरा आणि टिचकी मारा. सरळ रेघ उमटते. पहिला छाप या रेघेवर, मग दोन्ही बाजूंना सारखे. एका टोकापासून सुरुवात केली तर दुसऱ्या टोकाला अर्धी कोयरी शिल्लक राहते.

आता खरी हातोटी ब्रशवर रंग किती घ्यायचा यात आहे. आखूड केसांचा, सपाट टोकाचा ब्रश घ्या. त्याचं फक्त टोक रंगाला लावा. मग वर्तमानपत्रावर गोल फिरवत रंग काढून टाका, इतका की कागदावर धूसर ठसा उमटेल, ओला ठिपका उमटणार नाही. ब्रश कोरडाच झाला असं वाटेल. तेव्हाच तो तयार असतो. ब्रश उभा धरून टकटक टेकवा, ओढू नका. ओढलेला रंग फिल्मखाली शिरतो आणि कड फाटते. आकाराच्या कडेपासून मध्याकडे या. पहिल्या फेरीत फिकाच दिसेल, दोन मिनिटांनी दुसरी फेरी मारा. कडेला थोडा दाट आणि मध्ये विरळ ठेवलात तर कोयरीला आपोआप गोलाई येते, वेगळी छटा लावावी लागत नाही.

फिल्म सरळ वर उचला. दर वेळी मागची बाजू पुसा. काही सांडलं-पसरलं तर ओल्या कापसाच्या काडीने लगेच टिपा. सुकलं असेल तर हात लावू नका, शेवटी मूळ रंगाने बारीक ब्रशने झाकता येतं.

मूळ रंग इनॅमलचा असेल तर नक्षीच्या जागेवरून आधी ३२० हलका फिरवायला विसरू नका, नाहीतर अॅक्रेलिक धरणार नाही.

ठिपके, पट्टे आणि घासलेल्या कडा

ज्यांना ठिपक्यांची रांगोळी येते त्यांच्या हातात एक कला तयारच आहे. खणांच्या दर्शनी फळीवर पेन्सिलने ठिपक्यांची जाळी आखा आणि ब्रशच्या मागच्या टोकाने रंगाचे ठिपके द्या. प्रत्येक ठिपक्यासाठी टोक पुन्हा रंगात बुडवा, म्हणजे सगळे एका मापाचे येतात. ठिपके जोडणाऱ्या रेषा नाही काढल्या तरी सुंदर दिसतं. तीन खण असतील तर मधल्यावर ठिपके, वरचा-खालचा कोरा.

पट्टे मारताना टेपखालून रंग झिरपतो ही नेहमीची तक्रार. टेप नखाने दाबून बसवा आणि तिच्या कडेवर आधी मूळ रंगाचाच एक पातळ हात द्या. जे काही झिरपायचं ते मूळ रंगच झिरपेल. मग पट्ट्याचा रंग लावा आणि तो ओला असतानाच टेप तिरकी ओढून काढा.

कडा घासून खालचा रंग दाखवायचा असेल तर खाली गडद रंग द्या, कडांवर मेणबत्ती चोळा, वर फिका रंग लावा. वाळल्यावर मेण लागलेल्या जागी २२० ने घासलं की वरचा रंग सहज सुटतो. हात जिथे रोज लागतो तिथेच घासा: मुठीजवळ, कोपऱ्यावर, पायांच्या खाली. सगळीकडे सारखं घासलेलं खोटं दिसतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा प्रकार रंग उडाल्यासारखा वाटतो, तेव्हा आधी एका फळकुटावर नमुना करून दाखवा.

लोखंडी कपाटावर वारली

वारली चित्रांसाठी लोखंडी कपाटाचं सपाट, उंच दार फार छान. पालघर जिल्ह्यात डहाणू, जव्हार, तलासरी भागात कुडाच्या भिंती शेणामातीने सारवून त्यावर गेरू देतात आणि तांदळाच्या पिठाने, बांबूच्या चावून मऊ केलेल्या काडीने चित्रं काढतात. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

कपाटावर खरा गेरू वापरू नका, तो हाताला लागत राहतो. गेरूच्या रंगाचा मॅट इनॅमल द्या, वर पांढरा अॅक्रेलिक. बारीक रेषेसाठी रंगात किंचित पाणी घालून दुधाच्या सायीइतका दाट ठेवा. माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, वरचा मोठा; डोकं एक ठिपका; हातपाय साध्या रेषा. वर्तमानपत्रावर वीस-पंचवीस माणसं काढून बघा, चाल आणि वाक हाताला कळायला लागतो. तारपा नाच काढायचा तर मध्ये तारपावाला, म्हणजे तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा, ठेवून भोवती पेन्सिलने मळसूत्री रेघ आखा आणि तिच्यावर माणसं बसवत जा, बाहेरची मोठी, आतली लहान.

एक विनंती. लग्नातला चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, ज्यात पालघाट देवी असते, तो सवाशिणींनी विधी म्हणून काढायचा असतो. तो कपड्यांच्या कपाटावर सजावट म्हणून नको. नाच, झाडं, पक्षी, भातलावणी, विहिरीवरच्या बाया, काढण्याजोगं भरपूर आहे. आणि हात बसत नसेल तर वारली कलाकाराकडूनच दार रंगवून घ्या, योग्य मोबदला देऊन.

वार्निश आणि जोडणी

नक्षी दोन दिवस वाळू द्या. वर पाण्यावरचं मॅट वार्निश लावा. तेलाचं वार्निश पांढऱ्या रंगाला काळाबरोबर पिवळं करतं. पहिला हात नक्षीवर न दाबता, भरलेल्या मऊ ब्रशने एकदाच फिरवायचा. उभ्या बाजूंना दोन हात, वरच्या फळीला तीन.

टर्पेंटाईन मोरीत ओतू नका. बरणीत ठेवा, गाळ खाली बसला की वरचं पुन्हा वापरता येतं. तेलाने किंवा ऑइल पेंटने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आतून तापून पेटू शकतात. बाहेर सुट्या पसरून कडक वाळवा, मगच फेका.

रंग हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असं नाही. ऑइल पेंट आतून घट्ट व्हायला आठवडा, कधी जास्तही लागतो. तोवर दारं किंचित उघडी ठेवा, खण पूर्ण ढकलू नका, नाहीतर दोन रंगलेल्या कडा चिकटतात आणि उघडताना पापुद्रा निघतो. फळीवर काही ठेवू नका, कपडे भरायची घाई करू नका. खणांच्या आतल्या सरकपट्ट्यांना रंग लावायचाच नाही, तिथे मेणबत्ती चोळा. मुठी बसवताना स्क्रू हातानेच आवळा, रंग ताजा असताना ड्रिलने आवळला तर स्क्रूभोवती तडा जातो.

उरलेला मूळ रंग काचेच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, आत हवा कमी राहिली की तो जास्त टिकतो. बाटलीवर रंगाचा नंबर, कंपनी आणि तारीख लिहा आणि ती त्याच कपाटाच्या तळाला ठेवून द्या.